छोटा फोन हवा म्हणणारे एवढे, मग घेणारे गेले कुठे?

७ सप्टेंबर २०२२. ॲपलने आयफोन १४ ची मालिका जगासमोर आणली. फोन नेहमीप्रमाणे चार होते, पण आधीची दोन वर्षं यादीत असलेलं एक नाव गायब होतं. ते नाव म्हणजे मिनी. ५.४ इंचांच्या मिनीच्या जागी आला ६.७ इंचांचा आयफोन १४ प्लस. म्हणजे घरातला सगळ्यात धाकटा गेला आणि त्याच्या खुर्चीत थोरला येऊन बसला.

आता गंमत बघा. फोनचा विषय कुठेही निघू द्या, एका हातात मावेल असा फोन आता मिळत नाही, अशी तक्रार करणारं कुणीतरी भेटतंच. मग ॲपलने असा फोन काढला, तोही चांगल्या कॅमेऱ्यासकट आणि मोठ्या आयफोनमधल्याच प्रोसेसरसकट, तर तो चालला का नाही?

आकडे काय सांगतात?

सीआयआरपी ही अमेरिकेतली संस्था आयफोन घेणाऱ्या ग्राहकांची पाहणी करते. तिच्या अंदाजानुसार २०२० च्या शेवटच्या तिमाहीत अमेरिकेत विकल्या गेलेल्या आयफोनमध्ये १२ मिनीचा वाटा साधारण ६ टक्के होता. २०२२ च्या पहिल्या तिमाहीत १३ मिनीचा वाटा ३ टक्क्यांवर आला होता.

३ टक्के ऐकून वाटतं की कुणालाच नको होता. पण ॲपल जगभरात वर्षाला २० कोटींहून जास्त आयफोन विकते. अमेरिकेचा टक्का सगळ्या जगाला लावणं बरोबर नाही, तरी हिशेबापुरता लावला तर ६० लाख फोन होतात. एखाद्या छोट्या कंपनीचे एवढे फोन विकले गेले तर ती पेढे वाटेल.

मग ॲपलला एवढ्याने का भागलं नाही? कारण नवीन आकाराचा फोन म्हणजे जुना फोन झेरॉक्स मशीनवर लहान करून काढणं नव्हे. स्क्रीन वेगळी, बॅटरी वेगळी, आतल्या सर्किटची मांडणी वेगळी, साचे वेगळे आणि चाचण्याही वेगळ्या. हा खर्च फोन एक कोटी विकले काय किंवा दहा कोटी विकले काय, करावाच लागतो.

त्याहून मोठं कारण फारसं बोललं जात नाही. मिनी बंद झाल्यावर मिनीचा ग्राहक कुठे जाणार? बहुतेक वेळा तो कुरकुरत मोठा आयफोनच घेणार. त्याचे फोटो, मेसेज, घड्याळ सगळं त्याच कंपनीत अडकलेलं असतं. म्हणजे लहान फोन बनवला नाही तरी कंपनीचं फार काही बुडत नाही. मागणी खरी असते, पण ती नाकारण्याची किंमत कंपनीला मोजावी लागत नाही.

लहान म्हणून घेतला की स्वस्त म्हणून?

मिनीच्या आधी लहान आयफोन चांगले खपत होते. २०१६ मध्ये ४ इंचांचा आयफोन एसई आणताना ॲपलने स्वतःच सांगितलं होतं की आदल्या वर्षी, म्हणजे २०१५ मध्ये, त्यांनी ४ इंचांचे ३ कोटी आयफोन विकले. तेव्हा ४.७ आणि ५.५ इंचांचे आयफोन बाजारात येऊन वर्ष उलटून गेलं होतं. मग हे ३ कोटी लोक लहान फोनचे चाहते होते का? काही नक्कीच असतील. पण त्या वेळी ४ इंचांचा आयफोन म्हणजे जुनं मॉडेल, आणि म्हणून यादीतला सगळ्यात स्वस्त आयफोन. आकार आवडला की किंमत परवडली, हे विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही.

मिनीने हे गणित उलटं केलं. तो लहान होता, पण स्वस्त नव्हता. भारतात ऑक्टोबर २०२० मध्ये १२ मिनीची किंमत जाहीर झाली ६९,९०० रुपये. त्याच वेळी ६.१ इंचांच्या आयफोन ११ ची किंमत उतरून ५४,९०० वर आली होती. आणखी कमी बजेट असलेल्यांसाठी एसई होताच, ३९,९०० ला. दुकानात उभं राहून विचार करा. १५ हजार जास्त मोजायचे आणि हातात यायचा लहान फोन! नवा प्रोसेसर, चांगली स्क्रीन, ५जी हे सगळं खरं, पण आपल्याकडे मोठं म्हणजे भारी हा हिशेब टीव्हीपासून गाडीपर्यंत सगळीकडे चालतो. फोन त्याला अपवाद कसा असेल?

दुसरी अडचण बॅटरीची. फोन लहान केला म्हणून कॅमेरा, प्रोसेसर, स्पीकर त्या प्रमाणात लहान होत नाहीत. ते आपली जागा घेतातच आणि सगळी काटछाट बॅटरीच्या वाट्याला येते. १२ मिनीची बॅटरी २,२०० एमएएचच्या आसपास होती, तर आयफोन १२ ची २,८०० च्या. पुढच्या वर्षी ॲपलने हे बरंच सुधारलं. कंपनीच्या आकड्यांनुसार आयफोन १२ वर सलग १७ तास व्हिडिओ चालायचा आणि १३ मिनीवरही तेवढाच. तरीही १३ मिनी चालला नाही. म्हणजे सगळं खापर बॅटरीवर फोडता येणार नाही.

वेळही चुकली होती. १२ मिनी आला तो कोरोनाच्या वर्षात. माणसं घरात, मुलांची शाळा मोबाइलवर, करमणूक मोबाइलवर. भारतात २०१६ मध्ये जिओ आल्यापासून डेटा स्वस्त झाला होता आणि कित्येक घरांत टीव्ही, कॉम्प्युटर, वर्ग सगळं एकाच स्क्रीनवर आलं होतं. त्या घराने ५.४ इंचांचा फोन का घ्यावा?

इंचांचा घोळ

मोठ्या फोनची लाट आणली ती २०११ च्या सॅमसंग गॅलेक्सी नोटने. ५.३ इंचांची स्क्रीन बघून लोक हसले होते, कारण तेव्हा आयफोन ३.५ इंचांचा होता. स्टीव्ह जॉब्स यांनी तर २०१० मध्येच सांगून टाकलं होतं की हातात मावत नाहीत असे फोन कुणी घेणार नाही. पुढे काय झालं ते तुमच्या खिशात आहे.

पण फक्त इंच बघून फोन लहान की मोठा हे ठरवू नका. स्क्रीन तिरकी मोजतात. पूर्वी स्क्रीन रुंद असायच्या आणि वर-खाली जाड पट्ट्या असायच्या. आता स्क्रीन उंच, अरुंद आणि जवळपास काठापर्यंत असतात. आयफोन ८ प्लस ५.५ इंचांचा, पण रुंदी ७८ मिलिमीटर. आयफोन १७ तब्बल ६.३ इंचांचा, पण रुंदी ७१.५ मिलिमीटर. कागदावर मोठा असलेला फोन मुठीत लहान निघतो. तरी १२ मिनीची रुंदी होती ६४.२ आणि आयफोन ५एसची ५८.६. अंगठा पलीकडच्या कडेला पोहोचतो की नाही, हे ठरतं या आकड्यावर.

नेमकं कुणाचं अडतं?

हा निव्वळ हौशी लोकांचा हट्ट असता तर विषय इथेच संपला असता. पण बायकांचे हात सरासरीने पुरुषांपेक्षा लहान असतात आणि फोन त्याच मापाचे. बसमध्ये एका हाताने दांडी धरून दुसऱ्या हाताने फोन वापरायचा म्हटलं की हा फरक लगेच कळतो. संधिवात असलेल्यांचं तर विचारूच नका. कपड्यांनीही साथ सोडलीय. २०१८ मध्ये ‘द पुडिंग’ या वेबसाइटने अमेरिकेतल्या २० ब्रँडच्या जीन्स मोजल्या, तेव्हा बायकांच्या जीन्सचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांपेक्षा सरासरी ४८ टक्के कमी खोल निघाले. आपल्याकडच्या बऱ्याच कुर्त्यांना तर खिसाच नसतो.

हे ग्राहक विक्रीच्या आकड्यांत दिसत नाहीत. लहान फोन दुकानातच नाही, म्हणून ते मोठा घेतात आणि कंपनीच्या नोंदीत मोठ्या फोनचे समाधानी ग्राहक म्हणून जमा होतात. शिवाय लहान फोनचे चाहते तो लवकर बदलत नाहीत. त्यांना वापर पुरेसा होतो आणि दुसरा पर्यायही नसतो. कंपन्यांना आवडतो तो दर दोन वर्षांनी नवा फोन घेणारा ग्राहक.

प्रयत्न झाले नाहीत असं नाही. पेबल स्मार्टवॉचचे संस्थापक एरिक मिगिकॉव्स्की यांनी मे २०२२ मध्ये लहान अँड्रॉइड फोनसाठी सह्यांची मोहीम सुरू केली. लक्ष्य होतं ५० हजार सह्यांचं, म्हणजे तो कागद घेऊन कंपन्यांच्या दारात जाता येईल. हजारोंनी सह्या केल्या, पण मोठ्या कंपन्यांनी दार उघडलं नाही. सोनीची कॉम्पॅक्ट मालिका २०१८ नंतर थांबली होती. आसूसने झेनफोन ८, ९ आणि १० हे तिन्ही फोन ५.९ इंचांचे काढले आणि २०२४ मध्ये पुढचा झेनफोन थेट ६.७८ इंचांचा आणला.

मग हल्ली ‘कॉम्पॅक्ट’ म्हणून काय विकतात?

२०२५ च्या जूनमध्ये भारतात वनप्लस १३एस आला, जुलैमध्ये विवो एक्स२०० एफई. दोघांच्या स्क्रीन ६.३ इंचांच्या आसपास, दोघांची सुरुवातीची किंमत ५४,९९९ रुपये. बॅटरी मात्र ५,८५० आणि ६,५०० एमएएच! ही कमाल सिलिकॉन-कार्बन बॅटरीची. तेवढ्याच जागेत ती जास्त वीज साठवते, त्यामुळे लहान फोन म्हणजे संध्याकाळी चार्जर शोधणं, हा जुना आक्षेप निकालात निघाला. हे फोन मिनीएवढे लहान नाहीत, पण अवाढव्यही नाहीत. कंपन्यांनी मधला आकार शोधलाय, कारण मधल्या आकाराला गिऱ्हाईक आहे.

अडचण फक्त खालच्या किमतीत आहे. १२-१५ हजारांत फोन बघायला गेलात तर समोर येणारे बहुतेक फोन ६.५ इंचांच्या पुढचेच असतात. या किमतीत ग्राहक स्क्रीन आणि बॅटरीचे आकडे बघून निवडतो आणि कंपन्यांनाही मोठ्या बॉडीत स्वस्त भाग बसवणं सोपं जातं. ५५ हजारवाल्याला निदान निवड तरी आहे. १५ हजारवालीला हात लहान असला तरी मोठाच फोन घ्यावा लागतो.