तबकडी वाचणारें यंत्र निराळें असावें काय?

गेल्या सत्रांत आमच्या एका विद्यार्थ्यानें आम्हांस एक प्रश्न विचारला. त्याच्या आजोबांनीं जमविलेल्या शास्त्रीय गायनाच्या शेंदीडशें सीडी घरीं आहेत, आणि त्या लावण्याचें जुनें यंत्रहि चालू आहे. परंतु दुकानदाराचें म्हणणें असें पडलें कीं, सीडी केवळ वाचणारें निराळें यंत्र, ज्यास ट्रान्सपोर्ट म्हणतात, तें घेतल्यावांचून गाण्याची खरी गोडी कळावयाची नाहीं. त्याची किंमत मुलाच्या वडिलांच्या दोन महिन्यांच्या पगाराएवढी होती. "सर, घ्यावें काय?" या प्रश्नास त्या दिवशीं आम्ही नीट उत्तर देऊं शकलों नाहीं, तें येथें देत आहों.

सीडी ही १९८२ सालीं जपानांत प्रथम विक्रीस आली. तिच्यावर सूर नसतात, अंक असतात. गाण्याच्या लहरीची उंची दर सेकंदास ४४,१०० वेळां मोजून, डाव्या व उजव्या बाजूसाठीं वेगवेगळी, प्रत्येक वेळीं १६ द्विमान अंकांत लिहिलेली असते. हे अंक सूक्ष्म खळग्यांच्या रूपानें मध्यापासून कडेकडे फिरत जाणाऱ्या एकाच ओळींत असतात. भरलेल्या तबकडीवरील ही ओळ उलगडली तर पांच किलोमीटरांहून लांब भरेल. मनुष्याच्या केसाच्या जाडींत तिचे तीसचाळीस वेढे मावतील. लेझरच्या किरणानें ही ओळ वाचणें हें एक काम, आणि वाचलेल्या अंकांची पुनः विद्युल्लहर बनविणें हें दुसरें. हीं दोन्ही कामें पूर्वीं एकाच पेटींत होत. पुढें वाचणारी पेटी निराळी व लहर बनविणारी, म्हणजे डॅक, निराळी अशी विक्री सुरू झाली.

वाचण्यांत चुका होत नाहींत काय? होतात, आणि पुष्कळ होतात. परंतु त्यांची तजवीज तबकडीवरच केलेली असते. रीड आणि सॉलोमन या दोन अमेरिकन गणितज्ञांनीं १९६० सालीं एक युक्ति प्रसिद्ध केली. तिच्या आधारें मूळ अंकांबरोबर ताळ्याचे जादा अंक लिहिले जातात. शिवाय जवळचे अंक एकत्र न ठेवतां दूरदूर पसरलेले असतात. एका वाक्याचे शब्द वहीच्या निरनिराळ्या पानांवर लिहिले व एका पानावर शाई सांडली, तर प्रत्येक वाक्याचा एकेकच शब्द जाईल व तो उरलेल्यांवरून काढतां येईल, तसेंच हें. ओळीच्या दिशेनें सुमारें अडीच मिलिमीटर नाहींसे झाले तरी मूळ अंक जसेच्या तसे परत मिळतात. त्यापलीकडे मात्र यंत्र अंदाज बांधूं लागतें, आणि अंदाजहि चालेनासा झाला म्हणजे गप्प बसतें.

आम्हीं एकच स्वच्छ सीडी एका स्वस्त व एका महाग वाचकयंत्रांत घालून दोहोंचे अंक संगणकावर उतरविले. आरंभ किंचित् मागेंपुढें सरकला होता. तो जुळवून घेतल्यावर शेवटपर्यंत एका अंकाचाहि फरक आढळला नाहीं. संगणक अडल्यास पुनः वाचूं शकतो, ट्रान्सपोर्टास सहसा ती सवड नसते, हें खरें. पण स्वच्छ तबकडीवर तशी वेळच क्वचित् येते.

आतां राहिला काळाचा प्रश्न. तबलजीनें बोल बरोबर वाजवून ठेका डळमळविला तर चालत नाहीं, तसे अंकहि योग्य क्षणींच बाहेर पडले पाहिजेत. फिरण्यांतील चढउतार यंत्राच्या स्मृतिकोशांत जिरतात, आणि तेथून अंक क्वार्ट्झ स्फटिकाच्या तालावर पुढें जातात. परंतु दोन पेट्या केल्या म्हणजे तो ताल तारेंतून जातो, व दुसरीस तो ऐकून आपला ताल जुळवावा लागतो. त्यांत येणाऱ्या थरथरीस जिटर म्हणतात. म्हणजे पेट्या वेगळ्या केल्यानें दोष जाण्याऐवजीं एका नव्या दोषास वाट होते, ही मौज पहा! मात्र चांगला डॅक ही थरथर बहुतेक गाळून टाकतो. २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या जपानी प्रयोगांत कसलेल्या श्रोत्यांसहि ती ओळखूं येण्यास कित्येक शें नॅनोसेकंदांची व्हावी लागली. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग. साधारण बऱ्या यंत्रांत ती याहून पुष्कळच कमी असते. तांब्याच्या तारेंतून कधीं विजेची घुरघुर शिरते. तेव्हां प्रकाशतंतूनें जोडणी करावी.

तेव्हां जुनें यंत्र तबकडी वाचतांना अडत नसेल, तर नव्या ट्रान्सपोर्टानें सुरांत भर पडावयाची नाहीं, असें आमचें मत आहे. पैसे असलेच तर ते ध्वनिक्षेपकांवर घालावे. तेथील फरक कोणासहि ऐकूं येतो. सीडी पुसतांना मऊ कापड मध्यापासून कडेकडे सरळ न्यावें, गोल फिरवूं नये; कारण ओळीच्या दिशेनें पडलेला ओरखडाच अधिक नडतो. आणि छापील बाजू अधिक जपावी. चकाकणारा थर तिच्या लगत खालीं असतो.

कोणास आमचें म्हणणें पटत नसेल त्यानें आपल्या कानांची परीक्षा घ्यावी. दोन्ही यंत्रांचा आवाज मापून सारखा करावा, कारण किंचित् मोठा आवाज नेहमींच गोड वाटतो. मग पडद्याआड नाणें उडवून कोणतें यंत्र लावावयाचें तें ठरवावें, आणि ऐकणारानें सोळा वेळां ओळखावें. निव्वळ अंदाजानें बारा किंवा अधिक उत्तरें बरोबर येण्याचा संभव शेंकडा चारांहूनहि थोडा कमी असतो.

त्या मुलानें हें केलें. दुकानदारानें सौजन्यानें यंत्र एका रविवारपुरतें घरीं नेऊं दिलें. वडिलांचीं नऊ उत्तरें बरोबर आलीं. आजोबांचीं सात आलीं असतीं कीं आठ, तें कळलें नाहीं. पंधराव्या खेपेस त्यांनीं नाणें काढून घेतलें व गाणें पुरें होऊं द्या म्हणून सांगितलें.