तालीम, लोखंड आणि शेतातलं ओझं

मैंदर्गी भागात ज्वारीची सुगी सरली की जत्रांचे आणि कुस्त्यांचे दिवस येतात. पूर्वी पोरगा तालमीत जोर-बैठका मारायचा आणि मातीत उतरायचा. आता तोच पोरगा पहाटे तालमीत, दिवसा शाळेत नाहीतर शिवारात आणि संध्याकाळी जिममध्ये दिसतो. कुणाला कुस्ती मारायची आहे, कुणाला कबड्डी खेळायची आहे, कुणाला पोलीस भरती गाठायची आहे. भरतीत मुलांना १६०० मीटर धावायचे असते आणि ७.२६० किलोचा गोळाही फेकायचा असतो. म्हणजे दम आणि ताकद दोन्ही हवेत. पण दोन्हींचा मेळ न घालता अंग झिजवले तर पोरगा ऐन हंगामात कंबर धरून घरी बसतो.

उंची खुंटते का?

"वजन उचललं की पोराची उंची खुंटते," असे बापमाणसे म्हणतात. जाणत्या माणसाच्या नजरेखाली, बेताचे वजन, नीट पद्धतीने उचलले तर उंची खुंटत नाही. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० मध्ये ५ ते १७ वर्षांच्या मुलांसाठी आठवड्यातून किमान ३ दिवस स्नायू व हाडे बळकट करणारा व्यायाम सांगितला आहे. धोका आहे तो पैजेत. वाढत्या वयात 'एका दमात किती उचलतो' हा खेळ नको. १० ते १५ वेळा पाठ न वाकवता उचलता येईल, तेवढेच वजन घ्यावे.

आपल्या खाशाबा जाधवांचे पाहा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा गडी धावणे, पोहणे, वजन उचलणे असे सगळे करत असे, पण मुख्य पीक कुस्तीचे ठेवले. १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावे आले आणि १९५२ ला हेलसिंकीत कांस्यपदक मिळवले.

खताच्या हप्त्यासारखे

युरियाची सगळी मात्रा आपण एकदम टाकत नाही, हप्त्याने देतो. वजनाचेही तसेच. ताकद वजन उचलताना नव्हे, नंतरच्या विश्रांतीत वाढते. म्हणून आठवड्यातून दोनच दिवस वजन, समजा सोमवार आणि गुरुवार. मंगळवार, बुधवार, शुक्रवार, शनिवार तालीम किंवा मैदान. रविवारी पूर्ण सुट्टी. दोन्ही एकाच दिवशी करायची वेळ आली तर आधी खेळ, मग वजन. कारण दमलेल्या अंगाने डाव चुकतो आणि सांधा निखळतो. जत्रेची कुस्ती आठवड्यावर आली की वजन एकदाच आणि हलके.

शेतातले काम हिशेबात धरा

इथेच बहुतेक घरांत चूक होते. युरियाची गोणी ४५ किलोची, डीएपीची ५० किलोची. चौदा-पंधरा वर्षांच्या पोराचे स्वतःचे वजन कधी कधी तेवढेच भरते. दिवसभर तुरीची पोती वाहिलेल्या पोराचा वजनाचा व्यायाम झालेला असतो. त्या संध्याकाळी त्याला जिमला धाडू नका. पोरालाही "आज कंटाळा का करतोस?" म्हणून बोलू नका. सकाळी उठल्यावर अंग आखडलेले, भूक मंदावलेली, झोप उडालेली दिसली तर दोन दिवस आराम द्या. कंबर किंवा गुडघा आठवडाभर दुखला तर डॉक्टरला दाखवा.

खुराक घरचाच

अनोळखी डब्यातल्या पावडरीवर पैसे घालू नका. ज्वारीच्या प्रथिनात जे कमी असते ते तुरीच्या डाळीत भरपूर असते, म्हणून भाकरी आणि वरण एकत्र खाल्ले की दोन्हींचा पुरेपूर फायदा होतो. जोडीला शेंगदाणे, दूध, चालत असेल तर अंडी. आणि झोप ८ ते १० तास. पहाटे पाचला तालीम असेल तर रात्री नऊला अंथरुणावर.

कारभाऱ्यांनी काय करावे?

नगरपरिषदेचे आणि आसपासच्या ग्रामपंचायतींचे कारभारी व्यायामशाळेसाठी प्रस्ताव करतात, जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयामार्फत अनुदानाची योजनाही आहे. पण साहित्य आले, फोटो निघाला, पुढे शिकवणारा कोण? साहित्याच्या यादीआधी त्याचा ठराव करा. गावातला जुना वस्ताद आणि शाळेचे क्रीडाशिक्षक यांना एकत्र बसवा, पोरांची वये लिहून घ्या आणि आठवड्याचे वेळापत्रक तालमीच्या भिंतीवर लावा. सुगीत त्यात बदल करायचा, हे पालकांनी येऊन सांगायचे.