स्क्रीनचा अतिरेक: समजुती आणि वस्तुस्थिती

‘पोराला मोबाईलचं व्यसन लागलंय’ ही तक्रार हल्ली घरोघरी ऐकू येते. जागतिक आरोग्य संघटना मात्र हा शब्द इतका सैल वापरत नाही. २०२२ पासून लागू झालेल्या तिच्या आजारांच्या वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’ आहे, ‘मोबाईलचं व्यसन’ नाही. खेळावरचा ताबा सुटलाय, त्यापायी अभ्यास, नोकरी, नाती विस्कटली आहेत आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तेव्हाच त्या आजाराचं निदान होतं. फोन काढून घेतल्यावर चिडणाऱ्या प्रत्येक मुलाला व्यसनी ठरवणं अन्यायाचं आहे. शिवाय त्यात सगळा दोष पोराच्या माथी जातो आणि जेवताना फोन बघणारी मोठी माणसं नामानिराळी राहतात.

बाळ मोबाईलवर बडबडगीतं बघतंय म्हणजे शिकतंय, हीसुद्धा भाबडी समजूत. दोन वर्षांच्या आत स्क्रीन नकोच आणि पुढे चार वर्षांपर्यंत दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं याच संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं. भाषा देवाणघेवाणीतून येते. बाळ ‘दुदू’ म्हणतं, आई ‘दूध हवंय का माझ्या सोन्याला?’ म्हणते, बाळ पुन्हा काहीतरी बोलतं. व्हिडिओ बाळाच्या बोलण्याला असं उत्तर देत नाही.

निळा प्रकाश अडवणाऱ्या चष्म्याने डोळ्यांचा थकवा जातो, याला भक्कम पुरावा नाही. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, डोळे कोरडे पडतात. त्यावर उपाय म्हणजे मधूनमधून नजर लांब नेणं. त्याला पैसे पडत नाहीत.

सर्वांत घातक समजूत वेगळीच आहे: ‘मी काय, नुसतं पुढे पाठवलं. खरं असलं तर कुणी सावध होईल, खोटं असलं तर बिघडलं काय?’ २०१८ मध्ये मुलं पळवणाऱ्या टोळ्या आल्याचे खोटे मेसेज व्हॉट्सॲपवरून राज्यभर फिरत होते. १ जुलैला धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्याला आठवड्याचा बाजार होता. बहुतेक सोलापूर जिल्ह्यातले, भिक्षा मागून पोट भरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. मुलं पळवणारे समजून जमावाने त्यांना घेरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जीव जाईपर्यंत मारलं. पाचही जण निर्दोष होते. ते मेसेज पाठवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी राईनपाडा कधी पाहिलाही नसेल. आपल्या पोरांच्या काळजीनेच त्यांनी ते पाठवले असतील, पण त्या काळजीने कुणाचा जीव वाचला नाही. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा आणायला घेतली. तोवर पाच जणांचा जीव गेला होता.

‘मनावर घेतलं तर फोन सुटतो’ हे पूर्ण खोटं नाही, पण अपुरं आहे. एक व्हिडिओ संपताच दुसरा आपोआप सुरू होतो, स्क्रोल करताना तळ कधी लागतच नाही. आपण थांबू नये यासाठीच ही रचना केलेली असते. तिच्यापुढे घरातल्या एकट्यादुकट्याने निग्रह धरला तरी बाकीच्यांचे फोन चालूच असतात.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांच्या वडगावने म्हणूनच निग्रह गावाचा केला. लॉकडाऊनमध्ये अभ्यासासाठी हातात आलेला मोबाईल शाळा उघडल्यावरही मुलांच्या हातून सुटेना, तेव्हा १४ ऑगस्ट २०२२ रोजी महिलांच्या सभेत निर्णय झाला आणि दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी सातला भोंगा वाजू लागला. तो वाजला की दीड तास टीव्ही आणि मोबाईल बंद, मुलांच्याच नव्हे, मोठ्यांच्याही हातातले. सुरुवातीला काही पुरुषांनी टिंगल केली. मग आशा सेविका, अंगणवाडी सेविका, निवृत्त शिक्षक घरोघरी फिरून समजावू लागले.