जीवनसत्त्वांची कमतरता : उपचार कोणता आणि आधार कोणता?

बेंगळुरू : हातापायांना सतत मुंग्या येणे, थोड्याशा श्रमाने दम लागणे, विसराळूपणा वाढणे, हाडे आणि स्नायू ठणकणे अशा तक्रारी बहुधा वयाच्या किंवा दगदगीच्या नावावर टाकल्या जातात. त्यांच्या मुळाशी पुष्कळदा बी-१२ किंवा डी जीवनसत्त्वाची कमतरता असते. रक्ततपासणीत ती उघड झाल्यावर अनेक कुटुंबे डॉक्टरांच्या गोळ्या-इंजेक्शनांबरोबर होमिओपॅथीचा आधारही घेतात. अशा वेळी कोणत्या औषधाकडून काय अपेक्षा ठेवावी, हे स्पष्ट असणे आवश्यक आहे.

बेंगळुरूच्या शिवाजीनगरात हे दोन्ही मार्ग हाकेच्या अंतरावर आहेत. रसेल मार्केट आणि बसस्थानकाच्या गजबजाटाजवळच बाउरिंग व लेडी कर्झन हे जुने सरकारी रुग्णालय आहे. एकोणिसाव्या शतकातील म्हैसूरचे आयुक्त ल्युविन बाउरिंग यांचे नाव त्याला मिळाले आहे. परिसरात औषधांची दुकाने, रक्ततपासणी केंद्रे आणि खासगी दवाखाने आहेत. पुण्याचे शिवाजीनगर किंवा मुंबईचे परळ येथेही चित्र फारसे वेगळे नाही. त्यामुळे येथील रुग्णापुढचा प्रश्न देशभरातील मराठी कुटुंबांचाही आहे.

उणीव नेमकी कशाची?

जीवनसत्त्वाची कमतरता म्हणजे शरीराला आवश्यक असलेला एक ठरावीक रासायनिक पदार्थ पुरेसा न मिळणे. ही गोष्ट मुंबईतील एका संशोधनाने फार पूर्वी दाखवून दिली. ब्रिटिश वैद्यक संशोधक लूसी विल्स १९२८ मध्ये मुंबईत आल्या. परळच्या हाफकिन संस्थेत राहून त्यांनी गिरणी कामगार वस्तीतील गर्भवतींना जडणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचा अभ्यास केला. यीस्टचा अर्क दिल्यावर या स्त्रियांचे रक्त सुधारते, असे त्यांना आढळले आणि १९३१ मध्ये त्यांनी हे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी घटक म्हणजे आजचे फॉलिक अॅसिड होय. न्यून असलेला पदार्थ पुरवला आणि आजार हटला, हेच या उपचाराचे सूत्र आहे.

बी-१२ हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात आले. प्रौढ व्यक्तीला दिवसाला साधारण दोन ते अडीच मायक्रोग्रॅम एवढेच ते लागते. मात्र ते दूध, दही, अंडी, मासे, मांस अशा प्राणिज पदार्थांतूनच मिळते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रामीण भाग, झोपडवस्ती आणि शहरी मध्यमवर्ग यांतील ४४१ पुरुषांची तपासणी केली होती. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ६७ टक्के पुरुषांत बी-१२ कमी आढळले. शहरी मध्यमवर्गात हे प्रमाण ८१ टक्के होते. ही उणीव केवळ दारिद्र्यातून येत नाही, हे त्यावरून दिसते.

आहार पुरेसा असूनही कमतरता होऊ शकते. जठरात तयार होणाऱ्या एका विशिष्ट प्रथिनाशी जोडले गेल्यानंतरच बी-१२ लहान आतड्याच्या अखेरच्या भागात शोषले जाते. जठर किंवा आतड्याचे विकार, मधुमेहावरील मेटफॉर्मिन आणि दीर्घकाळ घेतलेली आम्लपित्ताची काही औषधे या शोषणात अडथळा आणतात. म्हणून कमतरता आढळली की तिचे कारण शोधणे हा उपचाराचाच भाग ठरतो.

वैद्यकीय उपचार

रक्तातील बी-१२ प्रति मिलिलिटर २०० पिकोग्रॅमपेक्षा कमी असल्यास सामान्यतः कमतरता मानली जाते. डी जीवनसत्त्वासाठी ही मर्यादा प्रति मिलिलिटर २० नॅनोग्रॅम आहे. बी-१२ची कमतरता तीव्र असेल, शोषणात दोष असेल किंवा मज्जातंतूंची लक्षणे असतील, तर डॉक्टर इंजेक्शनाचा पर्याय निवडतात. आरंभी ती कमी अंतराने आणि पुढे महिन्यातून एकदा अशा क्रमाने दिली जातात. रक्तातील सुधारणा आठवडाभरात दिसू लागते आणि हिमोग्लोबिन साधारण दोन महिन्यांत पूर्वपदावर येते. मज्जातंतूंना मात्र सहा महिने किंवा त्याहून अधिक काळ लागतो. उपचारास फार विलंब झाला असल्यास बधिरता आणि तोल जाण्याची तक्रार कायमची राहू शकते.

दोन चुका येथे टाळायला हव्यात. बी-१२ कमी असताना केवळ फॉलिक अॅसिड घेतल्यास रक्तक्षय सुधारतो, परंतु मज्जातंतूंची हानी आतल्या आत सुरूच राहते. दुसरी चूक डी जीवनसत्त्वाबाबत घडते. ६०,००० युनिटची मात्रा बहुधा आठवड्यातून एकदा घ्यायची असते. ती रोज घेतल्यास रक्तातील कॅल्शियम धोकादायक पातळीवर जाऊन मूत्रपिंडांना इजा होऊ शकते.

होमिओपॅथीचे स्थान

होमिओपॅथी ही भारतात कायद्याने मान्यता असलेली पद्धती असून २०२० च्या कायद्यानुसार तिच्यासाठी राष्ट्रीय आयोग आहे. तथापि कायदेशीर मान्यता आणि परिणामाचा पुरावा या भिन्न बाबी आहेत. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय आरोग्य व वैद्यकीय संशोधन परिषदेने २०१५ मध्ये उपलब्ध अभ्यासांचा आढावा घेतला. होमिओपॅथी परिणामकारक असल्याचा विश्वासार्ह पुरावा कोणत्याही आजाराबाबत नाही, असा तिचा निष्कर्ष होता.

कमतरतेच्या बाबतीत साधे गणितही पुरेसे आहे. ‘३० सी’ औषधात मूळ पदार्थ शंभरपट विरल करण्याची क्रिया तीस वेळा केलेली असते. बाराव्या टप्प्याच्या सुमारासच त्याचा एखादा रेणू उरण्याची शक्यता जवळपास संपते. बायोकेमिक क्षारांची ‘६ एक्स’ मात्रा त्यामानाने तीव्र असते. तरीही पाव ग्रॅमच्या गोळीत मूळ क्षार दहा लाखांत एक भाग, म्हणजे पाव मायक्रोग्रॅम असतो. प्रौढ व्यक्तीची कॅल्शियमची दैनंदिन गरज सुमारे १,००० मिलिग्रॅम आहे. ती अशा गोळ्यांतून भागवायची, तर दिवसाला ४० लाखांहून अधिक गोळ्या लागतील. या गोळ्या शरीरातील उणीव भरून काढू शकत नाहीत.

श्रेय कोणाला?

दोन्ही उपचार एकाच वेळी घेण्यातील मुख्य धोका गोळीत नसून श्रेयाच्या गोंधळात आहे. इंजेक्शने सुरू झाली, महिन्याभरात थकवा कमी झाला आणि गोड गोळ्याही चालू होत्या. अशा वेळी आराम गोळ्यांमुळेच पडला असे वाटणे स्वाभाविक आहे. मग इंजेक्शन टोचून घेण्याचा त्रास नको म्हणून तेच बंद होते. बी-१२चा साठा यकृतात असल्याने ही चूक लगेच कळत नाही. शोषणाचा दोष कायम असलेल्या रुग्णात लक्षणे परततात तेव्हा बराच काळ हातातून गेलेला असतो.

म्हणूनच ‘पूरक’ या शब्दाचा अर्थ काटेकोरपणे पाळला पाहिजे. होमिओपॅथीचे डॉक्टर रुग्णाचे सविस्तर ऐकून घेतात, झोप, आहार आणि दिनचर्येविषयी विचारतात. त्यातून रुग्णाला धीर मिळत असेल, तर तो आधार अवश्य घ्यावा. परंतु सर्व औषधांची माहिती दोन्ही डॉक्टरांना द्यावी, जीवनसत्त्वाची मात्रा परस्पर कमी करू नये आणि उपचार थांबवण्याचा निर्णय रक्ततपासणीचा अहवाल पाहून वैद्यकीय डॉक्टरांवरच सोपवावा. मधुमेहींनी साखरेच्या गोळ्यांचा उल्लेख आवर्जून करावा.

आहारात दूध-दही, चालत असल्यास अंडी व मासे, तसेच नियमित कोवळे-प्रखर ऊन यांचा समावेश उपयुक्त आहे. मात्र बधिरता, तोल जाणे, स्मृतिभ्रंश किंवा तीव्र रक्तक्षय ही लक्षणे असल्यास घरगुती प्रयोगांत वेळ न दवडता तत्काळ रुग्णालय गाठावे. गर्भवती, केवळ शाकाहार घेणारे ज्येष्ठ नागरिक आणि अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणारे रुग्ण यांनी लक्षणे दिसण्याची वाट न पाहता बी-१२ची तपासणी करून घेण्याबाबत आपल्या डॉक्टरांना विचारावे.