चित्राच्या चौकटीतून सिनेमापर्यंत



मुलगी वहीच्या मागच्या पानावर चित्रं काढत बसली, की घरात कुणीतरी विचारतंच, "चित्रं काढून पोट भरतं का?" आज हाच प्रश्न धरून एका बाईची वाटचाल सांगते. तिचं नाव मर्जान सत्रापी.

मर्जानचा जन्म १९६९ सालचा, इराणमधला. ती नऊ-दहा वर्षांची असताना तिथे क्रांती झाली. मग शाळेत मुलींना डोकं झाकायची सक्ती आली, पाठोपाठ इराकशी युद्ध पेटलं. चौदाव्या वर्षी आईवडिलांनी तिला एकटीला व्हिएन्नाला शिकायला पाठवलं. पुढे तेहरानला परतून ती कला शिकली आणि नंतर फ्रान्सला गेली.

तिथे तिनं आपलं लहानपण चित्रकथेत मांडलं. पुस्तकाचं नाव 'पर्सेपोलिस'. २००० ते २००३ या काळात त्याचे चार भाग निघाले. चित्रं साधी, फक्त काळी-पांढरी. बोलणं फुग्यात लिहिलेलं, आपल्या अमर चित्रकथेत असतं तसं.

मग ही चित्रं हलती करायचं ठरलं. पडद्यावर एका सेकंदाला २४ चित्रं सरकतात. एकेक चित्र दोनदा वापरलं, तरी एका मिनिटासाठी ७२० चित्रं लागतात! हे एकटीचं काम नव्हे. व्हॅन्साँ पारोनो हा दुसरा चित्रकथाकार तिच्या जोडीनं दिग्दर्शक झाला आणि बाकीचे चित्रकार कामाला लागले. २००७ मध्ये या सिनेमाला कान महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला. पुढे ऑस्करसाठीही नामांकन झालं.

त्यानंतर तिनं नट-नट्यांना घेऊन सिनेमे केले. शास्त्रज्ञ मेरी क्युरी यांच्यावरचा 'रेडिओॲक्टिव्ह' हा २०१९ चा सिनेमा तिचाच.

मग चित्रकला मागे पडली का? नाही. शूटिंगच्या आधी अनेक दिग्दर्शक प्रसंग चौकटी-चौकटीनं कागदावर काढून घेतात. त्याला स्टोरीबोर्ड म्हणतात. आधी दार दाखवायचं की दारातली आई? चेहरा जवळून की लांबून? चित्रकथा काढणारीला हा विचार रोजचाच. हातातली कला तीच, फक्त कागदाचा पडदा झाला. मात्र पहिल्या पुस्तकापासून पहिल्या सिनेमापर्यंत सात वर्षं गेली, हेही लक्षात ठेवा.

पुढच्या बैठकीत एक करून बघा. गटाचं पहिलं कर्ज कसं मिळालं, ते सहा चौकटींत काढा. चित्र वेडंवाकडं आलं तरी चालेल. आधी काय दाखवायचं, एवढं मात्र सगळ्यांनी मिळून ठरवा. आणि घरातल्या चित्र काढणाऱ्या पोरीला बरोबर घ्यायला विसरू नका.