करडांस रबरी कडी : केव्हां लावावी, केव्हां लावूं नये

साखरशेत व आसपासच्या पाड्यांत मेंढी सहसा दिसत नाहीं. जव्हार-मोखाड्याचा धो धो पाऊस व ओली चराई तिला सोसत नाहीं. घाटावरील धनगरांचे कळप कोंकणपट्टींत उतरतात तेही पावसाळा सरल्यावर. येथील धन शेळी. महसुली दप्तरांत तिला फारसा मान नाहीं, हें आम्ही अनुभवानें सांगतों. परंतु घरांत दुखणें आलें कीं तीच विकून औषधाचा खर्च भागतो. म्हणून कोकरांस लावावयाच्या रबरी कडीचा विचार येथें करडांसाठींच केलेला बरा.

नर करडूं चार महिन्यांच्या सुमारास माद्यांवर उडूं लागतें, आणि लहान पाठ अकालीं गाभण राहून खुरटते. यास्तव पैदाशीचा व नवसाचा बोकड वगळून बाकीचे खच्ची करितात.

कडी जाड रबराची असते. ती चिमट्यानें ताणून अंडकोशाच्या मुळाशीं सोडली म्हणजे खालील रक्तप्रवाह थांबतो व तो भाग सुकून दोनचार आठवड्यांनीं गळून पडतो. करडानें पोटभर चीक प्यालेला असावा आणि वय आठवड्याच्या आंत असावें. दोन्ही अंडें कडीखालीं आलीं आहेत हें बोटांनीं चांचपावें; एक वर राहिलें तर केलेलें काम फुकट. शेजारचीं बारीक सडें कडींत सांपडूं देऊं नयेत.

कडी नाहीं म्हणून कोणी सुतळी आवळतात. हा प्रकार अत्यंत वाईट. सुतळी सैल पडते. रक्त आंत येत राहतें, परंतु बाहेर जाण्याची वाट बंद होते. मग भाग सुजतो, सडतो, आणि करडूं तळमळून मरतें. मोठ्या बोकडास कडी लावणें हाही निव्वळ छळच होय.

खरें भय धनुर्वाताचें. त्याचे जंतू शेणमातींत असतात व मेलेल्या मांसांत फोफावतात. शेळीस व्यावयाच्या महिनाभर आधीं लस दिलेली असल्यास चिकांतून पिलास संरक्षण मिळतें. नसल्यास डॉक्टरांकडून प्रतिविष टोंचवून घ्यावें. आषाढ-श्रावणांत तर कडीचें नांवच काढूं नये, कारण चिखल व माशा यांमुळें जखमेंत अळ्या पडतात.

आमच्या मतें या मुलखास बर्डिझोचा चिमटा अधिक सोयीचा. तो कातडी न फोडतां आंतील शीर चिरडतो, त्यामुळें उघडी जखम राहत नाहीं. दोन्ही बाजूंच्या शिरा निरनिराळ्या चिरडाव्या लागतात, हें सरावाचें काम आहे. शिवाय 2023 च्या केंद्रीय नियमांप्रमाणें खच्चीकरण बधिरता आणून, नोंदणीकृत पशुवैद्याच्या हातून वा देखरेखीखालीं व्हावयाचें आहे; तेव्हां गांवांतील जाणत्याच्या हातीं करडूं देण्यापेक्षां दवाखान्याची वाट धरावी.

चिमटा लावल्यावरही बोकड कांहीं आठवडे फळूं शकतो. तोंवर तो पाठींपासून वेगळा बांधावा. लहानपणींच खच्ची केलेल्याची मूत्रनळी अरुंद राहते, सबब त्यास दाण्याचा मारा न करतां पाला व स्वच्छ पाणी भरपूर द्यावें. लघवीस कुंथतांना दिसला तर त्याच दिवशीं डॉक्टरांस दाखवावें.