कपाशीचं पाकीट केवढ्याला?

जालना म्हणजे बियाण्यांची पेठ. 1960 च्या दशकात बद्रीनारायण बारवाले यांनी इथेच ‘महिको’ ही बियाणे कंपनी उभी केली. तरीही मृग तोंडावर आला की कृषी सेवा केंद्रात शेतकऱ्याला भावाचीच धास्ती असते.

बीटी कपाशीच्या बियाण्याची कमाल किंमत केंद्र सरकार ठरवतं, डिसेंबर 2015 च्या आदेशानुसार. 2024 मध्ये बीजी-2 च्या 475 ग्रॅमच्या पाकिटाला ती 864 रुपये होती. त्याहून कमी घ्यायला दुकानदार मोकळा आहे. म्हणून दोन-चार दुकानं फिरून, “शेजारी देतात त्या भावाला द्या” म्हणण्यात काहीच गैर नाही. गोम वेगळीच असते. एखाद्या वाणाची टंचाई झाली की पाकिटासोबत नको असलेलं खत किंवा औषध गळ्यात मारलं जातं. छापील दर तोच, खिशातून मात्र जास्त जातात. ही सरळ लूट आहे. उधारीच्या मालात व्याजही बरेचदा भावातच मुरलेलं असतं. रोखीचा भाव वेगळा विचारावा.

बियाणे नियंत्रण आदेश, 1983 प्रमाणे साठा आणि दराचा फलक लावणं, पावती देणं विक्रेत्याला बंधनकारक आहे. पावतीवरचं वाण, लॉट नंबर आणि रक्कम पाकिटाशी तिथेच ताडून पाहा. रिकामं पाकीटही पावतीसोबत जपून ठेवा. उगवण फसली तर तक्रारीला तोच पुरावा.